सनस्क्रीन घेताना ट्यूबच्या मागचं वाचता का?

बर्डीकरीण: मागच्या मे महिन्यात वर्धा रोडवरून स्कूटीनं येताना घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरलं. असं चुरचुरलं की सिग्नलला थांबून बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. घरी आल्यावर ट्यूबच्या मागचं पहिल्यांदा वाचलं: अव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, ऑक्सिबेन्झोन, वर परफ्यूम. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ च्या मसुद्यात १६ फिल्टरपैकी (ऊन अडवणाऱ्या घटकांपैकी) दोनच सुरक्षित आणि परिणामकारक धरलेत, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन बाद, बाकी १२ बद्दल आणखी माहिती मागितली. मी तर आता झिंकवालंच घेते. कोणाला पटत नाही?

फुटाळ्याचा वारा: मला नाही पटत, ताई. माहिती मागितली म्हणजे घातक ठरवलं असं कुठंय? त्यातले काही फिल्टर रक्तात सापडले हे खरं. पण रक्तात दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम ही एफडीएची रेघ पुढच्या चाचण्या लागतील का, हे ठरवायला आहे. विषाची रेघ नाही ती. सनस्क्रीन लावणं थांबवू नका, असं एफडीएच म्हणते. आणि झिंक लावून मी एका लग्नाला गेलो होतो. फोटोत सगळे वऱ्हाडी गव्हाळ अन् मी एकटा पीठगिरणीतून आल्यासारखा. तेव्हापासून हरभऱ्याएवढं लावायचो. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा, मोजतात दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून. हरभऱ्यात कुठलं ५० मिळणार?

बर्डीकरीण: मग युरोपनं अंगाला लावायच्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन २.२ टक्क्यांवर का आणलं? उगाच?

फुटाळ्याचा वारा: मर्यादा घातली, बंदी नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर २०२१ पासून त्याची विक्री बंद केली ती प्रवाळासाठी. आपल्या अंबाझरीत कुठं प्रवाळ आहे?

गोळ्यावाली ताई: मी मेडिकल दुकानात बसते, म्हणून बोलते. ऑक्सिबेन्झोन नको असेल तर सोडा, त्याच्याविना ढीगभर ट्यूबा मिळतात. पण एकेक नाव पकडून घाबरू नका. अव्होबेन्झोन उन्हात लवकर मोडतं, ऑक्टोक्रिलीन त्याला टिकवून धरतं. म्हणजे जोडी बघावी लागते. वांग असेल तर रंगछटेचं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं, अन् भाऊंचं पीठही झाकलं जाईल. त्वचा नाजूक असेल तर परफ्यूम नसलेलं घ्या. स्प्रे थेट तोंडावर मारू नका, श्वासातून आत जातो. एसपीएफ ३० नीट लावलं तर त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण ९७ टक्के अडतात, ५० नं ९८. त्या एका टक्क्यासाठी गिऱ्हाईक वाद घालतं अन् यूव्हीए ह्या दुसऱ्या किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारी पीए खूण कोणी पाहतच नाही.

धंतोलीचे आजोबा: आम्ही दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून जन्म काढला. कशाला ह्या ट्यूबा?

गोळ्यावाली ताई: काका, दुपट्टा बांधाच, पण दाट विणीचा. पातळ पांढऱ्या सुतीतून ऊन बरंच आरपार येतं. कांद्याबद्दल मी काही बोलत नाही. बर्डीकरीण, एक विचारते, ती ट्यूब ठेवत कुठं होतात?

बर्डीकरीण: स्कूटीच्या डिक्कीत.

गोळ्यावाली ताई: मे महिन्यात? बाप्पा! थोडं तळहातावर काढून पाहा.

बर्डीकरीण: आत्ताच पाहिलं. आधी पिवळं पाणी आलं, मग दह्यासारख्या गुठळ्या.