सोमवारपासून निरीक्षण, आणि वही कोरी

वहीवाली: माझ्या संशोधनाचा विषय असा: परिचारिका ड्यूटी बदलताना एकमेकींना पेशंटची माहिती कशी देतात. रुग्णालयाची परवानगी आहे, नैतिकता समितीचं पत्रही आलंय. आधी निरीक्षण, मग मुलाखती. प्रश्न २८ काढलेत. गाईड म्हणतात, "जा, कळेल." पण नेमकं बघू काय? आणि मुलाखती किती पुरतील?

जुनी_खोड: २८? अहो, ही मुलाखत की जनगणना? सात-आठ विषय ठेवा, बाकी त्यांच्या बोलण्यातून विचारा. सुरुवात "काल ड्यूटीवर आल्यापासून काय काय झालं?" अशी करा. "असं का केलंत?" टाळा, माणूस लगेच सफाई द्यायला लागतो. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी विचारलं होतं, "कामाचा ताण येतच असेल ना?" बाई म्हणाल्या, "हो." पुढची अकरा मिनिटं मीच बोलत होते. रेकॉर्डिंग ऐकताना कान लाल झाले.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. "सिस्टर वैतागल्या" हे उजवीकडे. डावीकडे "फाईल आपटली, दोनदा घड्याळाकडे पाहिलं." रजिस्टर कोणाच्या हातात, आवाज कधी खाली येतो, कुठली गोष्ट कागदावर न येता नुसती तोंडी जाते, हे बघा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्या तुमच्यासमोर शहाण्यासारख्या वागतील, तेही टिपा. आणि टिपणं त्याच रात्री सविस्तर लिहा. सकाळी अर्धं विसरलेलं असतं.

कानसेन: रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या, "नको" म्हणाल्या तर वही आहेच. पंख्याखाली बसू नका. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायला चार ते सहा तास जातात, तेव्हा एका दिवसात तीन मुलाखती लावायचा मोह आवरा.

एक विचारू? ड्यूटी बदलताना पेशंटची नावं, आजार तुमच्या कानावर पडणारच. त्यांचं काय ठरलंय?

आकडेमोड: मुलाखतींच्या संख्येसाठी गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास सगळे दाखवतात: ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच बहुतेक मुद्दे आले. पण त्यांचा गट बराच एकसारखा होता. तुमच्याकडे नवख्या आणि वीस वर्षं काढलेल्या, दोन्ही असतील तर १२ वर अडू नका.

वहीवाली: पेशंटचा विचारच केला नव्हता. पत्र परत वाचलं, त्यात फक्त परिचारिकांचा उल्लेख आहे. समितीला आत्ताच मेल करतेय. सोमवार बहुतेक पुढे जाणार. तोवर २८ चे आठ करते. सध्या १३ वर अडलंय.