जबडा दोन ठिकाणी मोडलाय. प्लेटा लावूनही दात का बांधतात?

सुदामानगरवाले (इंदूर)
भाचा, वय २४. काल रात्री रिंग रोडवर बाइक घसरली, सरळ हनुवटीवर आदळला. डोक्याचं सीटी साफ आहे. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्सरेत) डावीकडे सुळ्याच्या मागे एक फ्रॅक्चर आणि उजव्या कानापुढे कंडाइलचं, म्हणजे जबड्याच्या सांध्याकडच्या टोकाचं, दुसरं. डॉक्टर म्हणतात, डावीकडे दोन प्लेटा, उजवीकडे ऑपरेशन नको, आणि शिवाय दोन आठवडे वरचे-खालचे दात एकमेकांना बांधायचे. प्लेटा लावल्यावर बांधायचं कशाला? डावा खालचा ओठही बधिर आहे.

तोंडाचा_सर्जन
हनुवटीच्या एका बाजूला मार बसला की जोर हाडातून वर जातो आणि पलीकडच्या कानापुढची बारीक मान तुटते. तुमची डावी-उजवी जोडी अगदी नेहमीची आहे, घाबरू नका.

आधी चाव, मग प्लेट. वरच्या-खालच्या दातांना आर्च बार (दातांच्या ओळीवरून जाणारी धातूची पट्टी) २६ गेजच्या तारेने बांधतात, दात त्यांच्या जुन्या जागी मिटवतात आणि तसे धरूनच प्लेटा बसवतात. म्हणूनच भुलीची नळी नाकातून घालतात. दात न जुळवता प्लेट घट्ट केली, तर एक्सरेत हाड छान दिसतं आणि पेशंटला घास चावता येत नाही.

चीर खालच्या ओठाच्या आतून, बाहेर व्रण राहत नाही. घास चावताना हनुवटीकडचं हाड नुसतं वाकत नाही, पिळतंही. म्हणून तिथे दोन प्लेटा: एक दातांच्या मुळांखाली, दुसरी खालच्या कडेला, मध्ये ४-५ मिमी अंतर. प्रत्येक प्लेटीला फटीच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन स्क्रू. ड्रिल चालताना सलाइनची धार सतत हवी. हाड तापलं की मरतं, स्क्रू ढिला होतो, पू होतो आणि बोल लागतो प्लेटीच्या टायटॅनियमला!

दोन आठवड्यांचं बांधणं उजव्या कंडाइलसाठी आहे. तिथले तुकडे फारसे सरकले नसतील आणि दात नीट जुळत असतील, तर कानापाशी चेहऱ्याच्या नसेजवळ चीर देण्यात अर्थ नाही. मात्र सांधा जास्त दिवस बांधून ठेवला तर आखडतो, म्हणून महिनाभर ओढत नाहीत.

ओपीजी_पुरेसा_नाही
वरच्याशी सहमत, पण ‘कंडाइलला हात लावू नये’ असा काही नियम नाही. तुकडा आतल्या बाजूला किती कलला आहे हे ओपीजीत नीट कळत नाही, चेहऱ्याच्या सीटीचे समोरून घेतलेले काप बघायला सांगा. कल जास्त असेल, त्या बाजूची जबड्याची उंची कमी झाली असेल किंवा बांधूनही दात जुळत नसतील, तर तिथेही प्लेट लावावी लागते. हा प्रश्न आधी विचारा.

वॉर्ड_सिस्टर
तार की रबर, ते विचारून घ्या. तार असेल तर कटर उशाशीच ठेवा आणि कापायच्या त्या फक्त उभ्या तारा, वरच्या बारपासून खालच्या बारपर्यंत जाणाऱ्या. दाताभोवतीच्या नाहीत. कोणती तार ते घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांकडून बघून घ्यावं. रबर असेल तर कात्री पुरते. उलटी आली तर आधी पुढे वाकवा, उताणं झोपवू नका.

खाणं: पातळ वरण, भाताची पेज, ताक, दुधात प्रोटीन पावडर. सगळं गाळून, दिवसातून ६-८ वेळा. मोठ्या सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या आतून, दाढांच्या मागे. प्रत्येक वेळी गुळण्या, शिवाय दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक औषधाच्या) गुळण्या. तारेचं टोक गालाला टोचलं तर मेण लावा, पिळ उलटा करू नका. आणि हो, पोहे चालतील मऊ केल्यावर, बांधणं सुटल्यानंतर. वरची शेव सहा आठवडे नाही.

सुदामानगरवाले (इंदूर)
धन्यवाद ताई. गुटखा खातो तो, लपून. आणि ओठाचं?

तोंडाचा_सर्जन
गुटखा आजपासून बंद. भुलीच्या डॉक्टरांनाही सांगा. टाके उघडण्याचं ते ठरलेलं कारण आहे.

ओठाची नस खालच्या जबड्याच्या हाडातून येते आणि छोट्या दाढांच्या मुळांखाली बाहेर पडते, म्हणजे फ्रॅक्चरला अगदी लागून. ताणली असेल तर काही आठवडे ते महिन्यांत परत येते, मुंग्या येणं हे चांगलं लक्षण. तुटली असेल तर पूर्ण येईलच असं नाही. ऑपरेशनच्या आधीच कापसाच्या काडीने तपासून केसपेपरवर लिहून घ्या, नंतर कुणाच्या हाताने झालं हा वाद नको.

सुटल्यावर आरशासमोर तोंड उघडण्याचा व्यायाम. जबडा उजवीकडे, म्हणजे कंडाइल मोडलेल्या बाजूला, ओढला जाईल. त्याला मध्यरेषेत आणायला शिकवा. लक्ष्य ३५-४० मिमी, म्हणजे त्याचीच तीन बोटं उभी जातील एवढं.

तोवर चहा कोमट करून द्या. बधिर ओठाला भाजलेलं कळत नाही.