विषय: उर्दू शाळा सोडून इंग्रजी का?

मंडळी, नमस्कार.

गेल्याच आठवड्यात परभणीहून परतलो. आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेचा पट पार रोडावलाय. घरात दखनी, बाजारात मराठी आणि पोरं मात्र इंग्रजी शाळेत. आपली लिपी पोरांना येणार नाही, याचं आईबापांना काहीच वाटत नसेल का?

आपला,
परभणीकर

उत्तर:

काका, नमस्कार.

वाटतं हो, फार वाटतं. उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा शेजारच्या आपांशी बोलणं झालं. त्यांचा थोरला दहावीपर्यंत उर्दूत शिकला, गणितात हुशार. अकरावी सायन्सला गेला आणि सगळं इंग्रजीत. इतकी वर्षं जो 'मुसल्लस' होता, तो एका सुट्टीत 'ट्रँगल' झाला. पोरानं वर्षभरात सायन्स सोडलं. म्हणून धाकटी पहिल्यापासूनच इंग्रजीत. "हमारा तो हो गया बाबा, बच्ची कू अंग्रेजी होना," म्हणाल्या. तिचा गृहपाठ त्यांना वाचता येत नाही, त्यासाठी शिकवणी लावलीय. आणि रोज संध्याकाळी त्याच आपा तिला अलिफ-बे गिरवायला बसवतात.

काका, तुमच्या घरातलंच आठवा. निजामाच्या राज्यात आपले आजोबा हायस्कूलात उर्दूतूनच शिकले ना? 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर डॉक्टरकीसुद्धा उर्दूत होती. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला ते किती जड जायचं, हे माझे आजोबा म्हातारपणीही सांगत. पण सरकारी नोकरी त्याच भाषेत होती. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं आणि पारडं फिरलं. त्यांना मराठी सोडल्याचा बोल आपण कधी लावला नाही, मग आपांना का लावायचा?

माझा राग दहावीनंतरच्या त्या खड्ड्यावर आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं घटनेचं कलम 350क सांगतं. बालभारतीची पुस्तकंही उर्दूत निघतात. पण पुढे सायन्सला जाणाऱ्या पोराचा हात धरायला कुणी नाही. उर्दू शाळेतच पाचवीपासून चांगला इंग्रजीचा शिक्षक मिळाला आणि आठवीपासून मुसल्लसच्या शेजारी ट्रँगलही शिकवला, तर आपा मुलीला तिथून हलवणार नाहीत. हे त्या स्वतःच म्हणाल्या.

आपलं मंडळ मराठी शाळांना पुस्तकं पाठवतं. यंदा तुमच्या गल्लीतल्या शाळेसाठी उर्दू-इंग्रजी शब्दकोश आणि विज्ञानाची पुस्तकं घेऊ या का? हेडमास्तरांना नेमकं काय हवंय, ते तुम्हीच फोन करून विचाराल?

तुमची,
बीडची लेक