उभयलैंगिकांसाठी वेगळा रकाना हवाच का?

कोथरूडची वाचक: पुण्यात एलजीबीटी विषयावर प्रबंध करणाऱ्यांना कळकळीची विनंती: उभयलैंगिकांना, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांबद्दल ओढ वाटणाऱ्यांना, समलैंगिकांच्या रकान्यात ढकलू नका. अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्सीने 1948 मध्येच 0 (फक्त भिन्नलिंगी) ते 6 (फक्त समलिंगी) अशी पट्टी मांडली होती. मानसोपचारतज्ज्ञ क्लाइनने पुढे आकर्षण, वर्तन, ओळख अशा 7 बाबी आणि प्रत्येकीला भूतकाळ, वर्तमान, आदर्श असा 21 चौकटींचा तक्ता दिला. 2000 पासून या विषयाला स्वतंत्र संशोधनपत्रिका आहे. आणि आपण अजून माहिती गोळा करताना विचारतो, लिहिताना पुसून टाकतो!

विदाकार: ताई, हेतू चांगला, पण गणित बघा. 300 जणांत 30 उभयलैंगिक निघाले, तर 300 वर काढलेला टक्का साधारण 6 ने इकडेतिकडे होतो, 30 वर काढलेला 18 ने. त्या जोरावर ‘यांच्यात नैराश्य जास्त’ असं लिहायचं? शिवाय त्या तिसांतले विवाहित, त्यातले अमुक कॉलेजचे असे तुकडे पाडत गेलं की माणूस ओळखू येतो. घरी जोडीदाराला माहीत नसेल तर?

सदाशिवकर: तुमचं गणित बरोबर आहे, पण घोळ संख्येआधी निवडीत होतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 33 उभयलैंगिक पुरुषांची शारीरिक उत्तेजना मोजली. बहुतेकांत ती एकाच लिंगाकडे झुकलेली दिसली आणि ‘असे पुरुष नसतातच’ असा गवगवा झाला. 2011 मध्ये तिथेच निवडीची अट कडक केली: दोन्ही लिंगांचे किमान 2-2 जोडीदार, आणि दोन्हीकडे किमान एक नातं 3 महिने टिकलेलं. निकाल फिरला. 2020 मध्ये तर 8 अभ्यासांची विदा (गोळा केलेली माहिती) एकत्र तपासली गेली. लहान नमुन्यांवर उपाय हाच: सगळ्यांनी प्रश्न शब्दशः तोच ठेवा, म्हणजे पुढे जोडता येतील.

विदाकार: अट कडक केली की ज्यांना आकर्षण आहे पण नातं कधीच जुळलं नाही, ते सगळे बाहेर. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या विशीतल्या मुलींना ही अट लावून बघा, किती उरतील?

कोथरूडची वाचक: इथे मात्र तुमच्याशी सहमत. म्हणूनच आकर्षण, वर्तन आणि ओळख हे 3 प्रश्न सुटे हवेत. एचआयव्हीच्या कामात ‘एमएसएम’ (पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष) हा गट वर्तनावर बेतलेला आहे. त्यात ओळख दिसत नाही, बायका तर नाहीतच.

आणि मराठी शब्द जपून वापरा. ‘उभयलिंगी’ म्हटलं की शाळेत शिकलेलं जास्वंदीचं फूल आठवतं, पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. उत्तर देणारा शरीररचनेबद्दल सांगतो, आपण आकर्षण म्हणून मोजतो. त्यापेक्षा सरळ विचारा: ‘तुम्हाला कोणाबद्दल ओढ वाटते? फक्त पुरुष, जास्त करून पुरुष, दोन्ही, जास्त करून स्त्रिया, फक्त स्त्रिया, इतर, कोणाहीबद्दल नाही.’ आधी 8-10 जणांना वाचायला देऊन ‘यातून काय समजलं?’ हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

विदाकार: प्रश्न वेगळे ठेवायला हरकत नाही. पण 10 पेक्षा कमी माणसं असलेली चौकट छापू नका, आणि 30 जणांवर तुलना तर नकोच. त्यांच्या सविस्तर मुलाखती घ्या.

सदाशिवकर: छापू नका, पण संमतीपत्रात पुढच्या एकत्रित अभ्यासाची परवानगी आजच मागून ठेवा. ती नंतर मिळत नाही.