किती फुटाला कुठल्या गल्लीत पाणी? गावाचा पूरनकाशा कसा करावा

पाणंद (प्रश्न)
शिरोळ तालुका, पंचगंगाकाठ. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आहे, पण कुठल्या पातळीला कुठल्या गल्लीतली माणसं-जनावरं हलवायची हे त्यातून कळत नाही. २०१९ आणि २०२१ च्या खुणा भिंतींवर आहेत. मोबाइलवर त्यांची उंची घेऊन क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) रेषा काढली तर चालेल का?

लेव्हलवाला
मोबाइलची उंची अजिबात घेऊ नका. दोन उंबऱ्यांत फरक असतो दोन फुटांचा, आणि मोबाइल सहज पाच-दहा मीटर चुकतो.

ऑटो लेव्हल (आडवी सपाट रेष दाखवणारी तिपाईवरची दुर्बीण) आणि ४ मीटरचा स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) भाड्याने आणा. देवळाची दगडी पायरी किंवा पुलाचा चौथरा, अशी न हलणारी जागा बेंचमार्क, म्हणजे मोजणीचा मूळ बिंदू, धरून तिथे ऑइलपेंटने खूण करा. तिथून प्रत्येक पूरखूण आणि प्रत्येक उंबरा लेव्हलने जोडा. मागचा आणि पुढचा स्टाफ यंत्रापासून सारख्या अंतरावर ठेवा, म्हणजे यंत्राची रेषा जराशी तिरकी असली तरी चूक कटते. शेवटी मूळ खुणेवर परत या. १ किमीच्या फेरीत २४ मिमी, ४ किमीच्या फेरीत ४८ मिमीपर्यंत फरक चालेल. जास्त आला तर फेरी पुन्हा.

खुणेबद्दल सांभाळा. भिंत ओल वर ओढते, त्यामुळे ओलीची कड पाण्यापेक्षा वर दिसते. गाळाची बारीक आडवी रेघ धरा, तीही आतल्या खोलीतली. रस्त्याकडच्या भिंतीवर लाटांनी रेघ वर सरकलेली असते.

नदीकाठ
वरच्या उत्तरात एक भर. पुराचं पाणी वाहतं तेव्हा त्याला उतार असतो. गावाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या खुणा वेगवेगळ्या मोजा, सगळ्या गावाला एकच आकडा लावू नका.

दुसरं, राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका पातळी कोल्हापूरची आहे. २०१९ ला तिथे पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ वर. तुमच्या भिंतींवर क्रम तोच असेल असं धरू नका. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं आणि कोल्हापुरात उतरायला लागलं तरी तुमच्याकडे चढत राहतं. म्हणून गावातच पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवा, तिचा शून्य बेंचमार्कला जोडा. पावसाळ्यात तिच्या शेजारी राजाराम बंधारा आणि कृष्णेवरचा सांगलीचा आयर्विन पूल, दोन्हींचे पाणीपातळीचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा.

आणि सगळ्यात आधी ओढा बघा. बहुतेक गावांत पाणी नदीकडून येण्याआधी मागच्या ओढ्यातून, रस्त्याखालच्या नळ्यांतून शिरतं. बाहेर पडायच्या रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग लेव्हलने मोजा. घरं कोरडी असतानाच तो बुडतो.

नकाशाघर
क्यूजीआयएस वापरा, पण उंची दर ३० मीटरला एकच आकडा देणाऱ्या फुकटच्या उपग्रह मॉडेलवरून घेऊ नका. त्यात झाडं आणि छपरं जमिनीतच मोजली जातात. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं खरं, पण उभ्या उसाखालचं पाणी त्याला नीट दिसत नाही. उसाच्या पट्ट्यात पूर आहे त्यापेक्षा कमी पसरल्यासारखा दिसतो.

उंबऱ्याच्या उंचीतून तुमच्या पट्टीच्या शून्याची उंची वजा करा, फुटांत मांडा आणि गावठाणाच्या नकाशावर फूट-फूट रंग बदला. बांधकाम परवानगीला मात्र हा नकाशा चालत नाही, तिथे खात्याचीच रेषा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा नदीच्या काठोकाठ क्षमतेच्या दीडपट प्रवाहाची, यातलं जे मोठं असेल ते. लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पाणंद
घरं जोत्यावर आहेत, गोठे मागे खाली. तरी उंबराच धरायचा?

लेव्हलवाला
नाही. गोठ्याच्या जमिनीची लेव्हल वेगळी घ्या आणि नकाशावर तिला वेगळी खूण द्या. जनावरं हलवायला ट्रॉली लागते, म्हणून त्यांची वेळ गोठा आणि रस्त्याचा तो खोलगट भाग यांतला जो आधी बुडेल त्यावर ठरवा.