शब्दकोडं: 'वाट सोडणे' छाप शोधसूत्रांसाठी शब्द सुचवा

अक्षरपिशी:
रोज कोडं सोडवते, पण वाट चुकणे, ढळणे, बहकणे या कुळातलं शोधसूत्र आलं की गाडी अडते. आत्ताचंच बघा. आडवा ७: 'नेमलेल्या मार्गापासून दूर जाणे', ४ अक्षरी. बिनधास्त 'भटकणे' लिहिलं, तर उभ्या शब्दामुळे तिसऱ्या घरात 'ल' आला. म्हणजे 'बहकणे'ही बाद. आडवा १२: 'वाट सोडलेला', हाही ४ अक्षरी, शेवटी 'ष्ट'. अशा शब्दांची यादी आहे का कुणाकडे?

रिकामं घर:
७ ला 'विचलन'. शोधसूत्रात 'जाणे' आहे म्हणून उत्तराच्या शेवटी 'णे' असेलच असं नाही, नाम पण चालतं. मीही यात कितीदा फसलोय.
यादी पाठ करण्यापेक्षा भरकटतंय कोण ते बघा. बोलणारा असेल तर विषयांतर (५). आचरण असेल तर स्खलन (३, 'स्ख' एकाच घरात). शब्दाचं रूप बिघडलं तर अपभ्रंश (४). ग्रह उलटा चालताना दिसला तर वक्री (२). आकडे सरासरीपासून लांब गेले की पुन्हा विचलनच, संख्याशास्त्रातलं 'प्रमाण विचलन' आठवा.
१२ ला 'पथभ्रष्ट'.

खोडरबर:
'च्युत' राहिला, २ घरांत बसतो. आणि नकारार्थी शोधसूत्र आलं तर सांभाळून. 'न ढळणारा' ला अढळ, अचल, अच्युत असे तीन शब्द आहेत, तिन्ही ३ अक्षरी आणि तिन्ही 'अ'पासून. पहिलं घर मिळून काडीचा उपयोग नाही, दुसरं मिळेपर्यंत थांबायचं.
अवांतर: 'व्यभिचार' (४) चा मूळ अर्थही वाट सोडून जाणे असाच. रसचर्चेतले ३३ व्यभिचारी भाव त्यातलेच. जुन्या वळणाचा कोडंकार असेल तर हाही टाकतो.

रिकामं घर:
थांबा, १२ ला 'मार्गभ्रष्ट'ही बसतो की! र्ग एकच घर. पहिलं अक्षर काय आहे?

अक्षरपिशी:
'विचलन' चपखल बसलं, धन्यवाद. १२ ची पहिली दोन्ही घरं तेव्हा मोकळी होती आणि मी 'पथभ्रष्ट' पेनाने लिहून मोकळी झाले. आता पहिल्या घरातून खाली जाणारा उभा शब्द 'माकड' निघालाय. 'प' चा 'मा' कसा करायचा ते सांगा.