प्रतिसाद: कुलपाची किल्ली कोणाकडे?

मैदानावरच्या गर्दीच्या सुरक्षेबद्दल 'पोलीस बंदोबस्त दुप्पट केला की प्रश्न मिटला' असं एकाने म्हटलंय, ते मला पटत नाही. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर पोलीस भरपूर होते, तरी चेंगराचेंगरीत ९७ जीव गेले. चौकशीत निघालं की मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं होतं. नंतर आत बदल झाले, कागद तोच राहिला. म्हणून इंग्लंडमध्ये आता दुहेरी पहारा आहे: कुठल्या स्टँडमध्ये किती माणसं हे नगरपालिका प्रमाणपत्रात लिहून देते, आणि नगरपालिका ते नीट करते का हे वेगळी सरकारी संस्था तपासते. हा दुसरा डोळा आपल्याकडे हवा.

इथे नाशकातच एका फुटबॉल फायनलला मी मुलाला घेऊन बांबूच्या तात्पुरत्या गॅलरीत बसलो होतो. गोल झाला, सगळे उठले आणि फळी पायाखाली हलली. मागच्या फाटकाला साखळी नि कुलूप. किल्ली कोणाकडे, तर तीन स्वयंसेवकांपैकी एकालाही सांगता येईना. इंग्लंडमध्येच ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात १९८५ च्या आगीत ५६ जण गेले, तिथेही मागची दारं बंदच होती. मी पोराचा हात धरून मध्यंतरालाच खाली उतरलो.